अन्नवस्त्र आहे, वाटा नाही

१

शूद्रानं धन साठवू नये, त्याला उष्टं अन्न आणि जुनेरं द्यावं, हे मनुस्मृतीतलं आपल्या कार्यकर्त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. ते श्लोक आपल्या पाठीवर वळ उठवून गेलेत, म्हणून ते पाठ आहेत. पण त्याच पोथीचा नववा अध्याय आपण भराभर उलटून टाकतो. तिथं भावाभावांच्या वाटण्यांचे नियम आहेत. आपल्याकडं वाटायला होतं काय, म्हणून ते वाचायचे?

वाचले पाहिजेत. नवव्या अध्यायाच्या दोनशे एकाव्या श्लोकात एक यादी आहे. नपुंसक, पतित, जन्मांध, जन्माचा बहिरा, वेडा, मतिमंद, मुका आणि ज्याचं एखादं इंद्रिय अधू आहे तो. यांना बापाच्या मालमत्तेत वाटा नाही. लगेच पुढच्या श्लोकात मेहरबानी आहे. यांना जन्मभर यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावं, न देणारा स्वतः पतित होतो. त्यांना मुलंबाळं झाली तर मुलांना वाटा मिळेल. त्यांना स्वतःला मात्र नाही.

यादीतला दुसरा शब्द नीट बघा. पतित. म्हणजे जातीतून बाहेर टाकलेला. बहिष्कृत आणि आंधळा मनूनं एकाच दावणीला बांधले. एकाला जातीनं बाहेर काढलं, दुसऱ्याला देहावरून. दोघांना शिक्षा एकच. भाकर घे, हक्क मागू नको.

आणि हे एकदाच झालेलं नाही. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंगतीचा हिशोब आहे. आंधळा जवळ आला तर नव्वद ब्राह्मणांना जेवू घातल्याचं पुण्य जातं, एका डोळ्याचा आला तर साठांचं, कोड असलेला आला तर शंभरांचं. म्हणजे विटाळच की. सातव्या अध्यायात राजाला सल्ला आहे की मसलत चालू असताना मतिमंद, मुके, आंधळे, बहिरे, म्हातारे, स्त्रिया, म्लेच्छ, रोगी आणि व्यंग असलेले यांना तिथून हटवावं. अकराव्यात कारण सांगितलंय. माणूस आंधळा, बहिरा, मुका, वेडाविद्रा जन्मतो तो मागच्या पापाच्या शिल्लकीमुळं, म्हणून सज्जन त्याची निंदा करतात.

ही वाक्यं ओळखीची वाटतात ना? पंगतीतून उठवणं, मसलतीतून हटवणं, मालमत्तेला हात लावू न देणं आणि वर सांगणं की हे तुझ्याच मागच्या जन्माचं फळ. आपल्या बापजाद्यांच्या वाट्याला हेच आलं. शिळी भाकर होती, प्रेतावरचं कापड होतं, मेलेलं ढोर होतं. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं, अपंगाला घरातल्या घरात गावकुसाबाहेर ठेवलं. त्याचं गावकूस म्हणजे पडवी, गोठा, देवळाची पायरी.

या लेखात मी अपंग हाच शब्द वापरतो. का, ते पुढं येईल.

२

आता कायद्याचा इतिहास बघू. तो मोठा बोलका आहे.

१८५० साली इंग्रज सरकारनं एक कायदा केला. जात गेली किंवा धर्म बदलला म्हणून कुणाचा वारसाहक्क बुडणार नाही, असा. त्यामागं ख्रिस्ती झालेल्यांची सोय होती हे उघड आहे, पण मनूच्या यादीतला ‘पतित’ त्यामुळं कागदावर तरी सुटला. यादीतले बाकीचे तिथंच राहिले. जन्मांध, बहिरा, मुका, महारोगी यांचे दावे इंग्रजांच्या कोर्टातही धर्मशास्त्राच्या पुस्तकावर बोट ठेवून फेटाळले जात.

पुढं १८९८ साली महारोग्यांचा कायदा आला. त्यात पोलिसाला अधिकार दिला की भीक मागणारा किंवा पोटापाण्याचं साधन दिसत नाही असा महारोगी आढळला तर वॉरंटाशिवाय पकडावा. शब्द नीट ऐका. गरीब महारोगी. ज्याच्या घरी इस्टेट आहे त्या महारोग्याला पोलीस हात लावणार नाही. रोग तोच, पण पकडायचा तो दरिद्री असला तर. हा कायदा स्वातंत्र्य आलं, संविधान आलं तरी पुस्तकात राहिला आणि संसदेनं तो रद्द केला २०१६ साली. मुंबई राज्यानं १९५९ साली भीक प्रतिबंधक कायदा केला. भीक मागण्यासाठी जखम, व्यंग, रोग उघडा करून दाखवणं हेही त्यातल्या भीक मागण्याच्या व्याख्येत बसवलं. आधी वाटा काढून घ्यायचा, मग हात पसरला म्हणून पकडायचं.

२५ डिसेंबर १९२७. महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृती जळाली. आपण दरसाल तो दिवस पाळतो. त्या चितेवर नवव्या अध्यायाची पानंही होती. म्हणजे ती आग आंधळ्या-बहिऱ्यांच्या वतीनंही लागली होती. त्या वेळी हे कुणी म्हटलं असेल-नसेल, आपण म्हणायला काय हरकत आहे?

दुसऱ्याच वर्षी, १९२८ साली, कायदा झाला. रोग, व्यंग, शारीरिक वा मानसिक दोष एवढ्याच कारणावरून कुणालाही वारशातून वगळता येणार नाही. १८५० पासून मोजा, अठ्ठ्याहत्तर वर्षं. आणि त्यातही फट ठेवली. जन्मापासून वेडा किंवा मतिमंद असेल तर तो वगळलेलाच. शिवाय बंगालकडच्या दायभाग पद्धतीच्या लोकांना तो कायदाच लागू नव्हता.

ती फट बुजली ती हिंदू कोड बिलाच्या वाटेनं. या बिलासाठी बाबासाहेबांनी काय सोसलं आणि १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद कसं सोडलं हे सांगायची गरज नाही. आपण ते स्त्रियांचं बिल म्हणून सांगतो, ते खरंच आहे. पण पुढं त्याच बिलाचे तुकडे होऊन जे कायदे आले त्यातला १९५६ चा हिंदू वारसा कायदा उघडा आणि कलम २८ वाचा. कोणताही रोग, दोष किंवा व्यंग यामुळं कोणीही वारसाला अपात्र ठरणार नाही. संपलं. मनूचा दोनशे एकावा श्लोक त्या दिवशी कायद्याच्या पुस्तकातून गेला. घराघरातून गेला का, ते वेगळं.

३

आता एका शब्दाविषयी. डिसॅबिलिटी. आज हा शब्द ऐकला की कुबडी, पांढरी काठी, चाकाची खुर्ची डोळ्यापुढं येते. पण आपल्या चळवळीच्या कागदपत्रांत हा शब्द फार आधीपासून आहे आणि तो आपल्यासाठी आहे.

१९३० साली गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडली. त्यातली पहिली मागणी समान नागरिकत्वाची. अस्पृश्यतेमुळं माणसावर लादलेली डिसॅबिलिटी बेकायदा ठरवा, ही त्या मागणीची भाषा. संविधानाचं कलम १७ इंग्रजीत वाचा. अस्पृश्यतेतून उद्भवणारी कोणतीही डिसॅबिलिटी लादणं हा गुन्हा. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात तर धार्मिक डिसॅबिलिटी आणि सामाजिक डिसॅबिलिटी अशी कलमंच पाडलीत.

याचा अर्थ काय? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांना हात होते, ओंजळ होती, तहान होती. तरी पाणी पिता येत नव्हतं. असमर्थता त्यांच्या देहात नव्हती, ती तळ्याच्या काठावर पहारा देत उभी होती. कुणी त्यांना औषध दिलं नाही की दुरुस्त केलं नाही. तळं खुलं करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

हेच म्हणणं जवळपास पन्नास वर्षांनी इंग्लंडातल्या अपंगांनी मांडलं. १९७२ साली पॉल हंट नावाच्या अपंग माणसानं ‘गार्डियन’मध्ये पत्र लिहून संस्थांमध्ये कोंडलेल्या अपंगांना एकत्र यायची हाक दिली. त्यातून संघटना उभी राहिली आणि १९७६ साली तिनं आपली तत्त्वं छापली. त्याचं सार असं : पाय नसणं ही देहाची गोष्ट आहे, पण पायऱ्या बांधून आम्हाला बाहेर ठेवणं ही समाजाची करणी आहे, आणि आम्हाला अपंग करतो तो समाज.

या संघटनेतला एक पुढारी व्हिक फिंकेलस्टाइन. हा मूळचा दक्षिण आफ्रिकेतला. चाकाच्या खुर्चीत बसून गोऱ्यांच्या वर्णभेदाविरुद्ध लढला, तुरुंगात गेला, त्याच्यावर सरकारनं बंदी घातली, मग १९६८ साली इंग्लंडात आसऱ्याला आला. ज्यानं काळ्यांसाठी वेगळी दारं बघितली होती त्यालाच अपंगांसाठी बंद दारं दिसली, यात नवल काही नाही. एक भिंत ओळखायला शिकलेला माणूस दुसरी भिंत ओळखतोच. ओळखली पाहिजे.

४

आणि आता पँथरची गोष्ट.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. पण त्या पँथरचं एक काम आपल्या सभांतून कधी सांगितलं जात नाही.

अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात ५०४ नंबरचं कलम होतं. सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही कामात अपंगत्वावरून भेदभाव करता येणार नाही, असं. कलम होतं पण नियम निघत नव्हते. आपल्याकडं काय होतं ते आठवा, म्हणजे कळेल. चार वर्षं गेली. मग ५ एप्रिल १९७७ ला देशात ठिकठिकाणी अपंगांनी सरकारी कचेऱ्यांत धरणं धरलं. बाकीच्या शहरांतली धरणी लवकर उठली. सॅन फ्रान्सिस्कोतली उठली नाही. शंभराच्या वर माणसं कचेरीत ठाण मांडून बसली. चाकाच्या खुर्चीतली, आंधळी, बहिरी. अंथरूण नाही, औषधाची पंचाईत, टेलिफोन तोडलेले. बाहेरच्यांशी बोलायला बहिऱ्यांनी खिडकीतून हातांच्या खुणांची भाषा वापरली.

त्यांना रोज गरम जेवण कुणी आणलं? ब्लॅक पँथरनं. ब्रॅड लोमॅक्स नावाचा त्यांचा एक कार्यकर्ता स्वतः चाकाच्या खुर्चीत होता आणि धरण्यात आत होता. पँथरांनी नुसतं जेवण आणलं नाही, आपल्या वृत्तपत्रात हा लढा छापला. तीन आठवड्यांच्या वर हे चाललं. २८ एप्रिलला मंत्र्याची सही झाली.

पँथरांना तिथं मतं मिळणार नव्हती. त्यांच्या मागण्यांच्या यादीत चाकाच्या खुर्चीचा उतार नव्हता. पण आपला एक माणूस आत आहे आणि लढा माणुसकीच्या हक्काचा आहे, एवढं त्यांना पुरलं. आपण त्यांचं नाव घेतलं. हे काम घेतलं का, ते आपलं आपण ठरवावं.

५

आपल्या देशात काय झालं?

संविधानाच्या कलम १५ आणि १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव नको म्हटलंय. अपंगत्व हा शब्द तिथं नाही. तो आहे कलम ४१ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत, आणि तिथं राज्याच्या ऐपतीची अट आहे. सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत नवव्या नोंदीत तो आहे. ‘अपंग आणि नोकरीस अपात्र यांना साहाय्य.’ भाषा कोणती, बघा. साहाय्य. अन्नवस्त्र. वाटा नाही.

मोजणीचंही तसंच. इंग्रज १८७२ पासून १९३१ पर्यंत आंधळे, बहिरे-मुके, वेडे, महारोगी मोजत होते. स्वतंत्र भारताच्या शिरगणतीत ते १९८१ साली एकदा आले, कारण ते जागतिक अपंग वर्ष होतं. १९९१ ला पुन्हा गायब. अपंगांच्या संघटनांनी भांडून २००१ च्या शिरगणतीत तो प्रश्न घालायला लावला. ज्याला मोजत नाहीत त्याला वाटा कुठून मिळणार? जातनिहाय मोजणीसाठी भांडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

या संघटनांनी दयेची पावती फाडणं नाकारलं. अंध संघटनांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९९३ साली ब्रेलमधून किंवा लेखनिक घेऊन परीक्षा देण्याचा हक्क मिळवला. जावेद अबिदींसारखे कार्यकर्ते चाकाच्या खुर्चीतून दिल्लीच्या रस्त्यावर आले. १९९५ च्या डिसेंबरात संसदेनं पहिला अपंग हक्क कायदा केला. सात प्रकारचं अपंगत्व, नोकऱ्यांत तीन टक्के. २०१६ ला नवा कायदा आला. एकवीस प्रकार, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के, उच्च शिक्षणात पाच टक्के, आणि सोयी न देणं हाच भेदभाव अशी व्याख्या. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इमारती-रस्त्यांवरच्या सोयी ही शिफारस नाही, बंधन आहे.

मधल्या काळात सरकारनं एक भेट दिली. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी रेडिओवरून सुचवलं की विकलांग म्हणू नका, दिव्यांग म्हणा. कायद्याच्या मराठीत, खात्यांच्या पाट्यांवर आता तोच शब्द आहे. हे आपण कुठं ऐकलंय? अस्पृश्य म्हणू नका, हरिजन म्हणा. देवाची लेकरं. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात हा शब्द कायद्यात घातला तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभात्याग करून बाहेर पडले. ज्याला माणूस म्हणून वागवायचं नाही त्याला देवाशी जोडायचं, ही जुनी चाल आहे. अनेक अपंग संघटनांनीही दिव्य शब्दावर हरकत घेतली. अंगात दिव्य काही नको, दवाखान्याच्या दाराला उतार पाहिजे, असा त्यातला सरळ अर्थ. ज्यांना दिव्यांग शब्द आवडतो त्यांनी तो खुशाल घ्यावा. मी अपंग म्हणतो ते एवढ्यासाठी.

६

आता एकाच देहावर दोन्ही ओझी असली तर?

२०११ च्या शिरगणतीत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींत हे प्रमाण २.४५. अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्यांत २.१८. हा आकडा आकाशातून पडत नाही. गटारात उतरणारा कोण, विटांच्या भट्टीवर, उसाच्या फडात, दगडाच्या खाणीत हातपाय गमावणारा कोण, बाळंतपणात दवाखाना लांब कुणाला, हे आपल्याला माहीत आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्याच्या वारसाला तीस लाख आणि कायमचं अपंगत्व आलेल्याला किमान वीस लाख द्यायला सांगितलं. मेलेल्याची बातमी होते, आपण मोर्चा काढतो. जो जिवंत राहिला पण फुप्फुसं आणि डोळे घालवून बसला, त्याचं पुढं काय झालं हे विचारायला आपण दुसऱ्या महिन्यात जातो का?

दुसरं उदाहरण आंध्रातलं. २०११ साली कर्नूल जिल्ह्यात जन्मांध मुलीवर बलात्कार झाला. मुलगी अनुसूचित जातीची. खालच्या कोर्टांनी बलात्काराची जन्मठेप दिली आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही शिक्षा दिली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली, पण अत्याचार कायद्याखालची शिक्षा काढून टाकली. कारण जुन्या कायद्यात ‘ती दलित आहे या कारणावरून’ गुन्हा झाला हे सिद्ध करावं लागे. त्याच निकालात न्यायालय म्हणालं की बाई, दलित आणि आंधळी ही तीन ओझी वेगळी काढून तोलता येत नाहीत, ती एकमेकांत मिसळलेली असतात. म्हणणं शंभर टक्के खरं. तरीही शिक्षेच्या वेळी एक ओझं वजा झालंच. पुढं २०१५ च्या दुरुस्तीनं ‘जात माहीत असताना’ एवढंच पुरेसं केलं, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. या मुलीच्या कामाला ती आली नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक फिर्यादीत अत्याचार कायदा आणि अपंग हक्क कायद्याचं कलम ९२ ही दोन्ही पहिल्याच दिवशी लिहून घेतली पाहिजेत. ठाणे अंमलदार एकच लिहितो. दुसरं लिहायला लावायला माणूस लागतो. तो माणूस आपण.

नोकऱ्यांचंही समजून घ्या. अपंगांचं आरक्षण समांतर आहे. त्यात अनुसूचित जातीचा उमेदवार निवडला गेला तर तो अनुसूचित जातीच्या रकान्यात मोजला जातो. बिंदुनामावली तपासताना आपण जातीचे बिंदू मोजतो आणि उठतो. त्याच जागांत आपला अपंग पोरगा किंवा पोरगी लागली का, हे विचारत नाही. त्या पोरीला जातीचा दाखला, पडताळणी आणि वर सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र, एवढ्या दारांतून जावं लागतं. बऱ्याच कचेऱ्या दुसऱ्या मजल्यावर असतात.

७

शेवटी आपल्या घरातलं. ते झाकून ठेवलं तर वरचं सगळं लबाडी ठरेल.

विनयपिटकाच्या महावग्गात पब्बज्जा कुणाला देऊ नये याची यादी आहे. त्यात हात तुटलेले, पाय तुटलेले, लंगडे, आंधळे, मुके, बहिरे आहेत. कुष्ठासारख्या पाच रोगांचे रोगीही आहेत. रोग्यांच्या बाबतीत गोष्ट अशी सांगितलीय की जीवक वैद्याकडं उपचार मिळावेत म्हणून लोक भिक्षू होत आणि बरे झाले की चीवर टाकून जात, म्हणून जीवकाच्या विनंतीवरून नियम झाला. तेव्हाचं कारण तेव्हा असेल. आज ते पुढं करून कुणाला विहाराबाहेर ठेवता येणार नाही.

कारण त्याच परंपरेत सुप्रबुद्ध आहे. राजगृहाचा महारोगी, दरिद्री. गर्दी बघून जेवण मिळेल म्हणून आला, आणि बुद्धानं त्या सगळ्या गर्दीत त्यालाच धम्म समजेल असं ओळखून उपदेश केला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिताना ही कथा कुठं ठेवली? उपाली न्हावी, सुनीत भंगी, सोपाक आणि सुप्पिय अस्पृश्य यांच्याच प्रकरणात. मनूनं आंधळा आणि पतित एका दावणीला बांधले होते, ते वाटा नाकारायला. बाबासाहेबांनी महारोगी आणि भंगी एका पानावर आणले, ते धम्मात घ्यायला. आपल्याला जायचं आहे ते त्या पानाच्या मागं.

म्हणून मित्रांनो, काही साध्या गोष्टी. वस्तीतल्या विहाराला आणि समाजमंदिराला पायऱ्या असतील तर शेजारी उतार बांधा. चौदा एप्रिलच्या वर्गणीतून दोन पोती सिमेंट सहज निघतं. भाषणात आंधळं सरकार, बहिरं शासन, लुळी व्यवस्था या शिव्या बंद करा. सरकारला चांगलं दिसतं आणि ऐकूही येतं, मग आंधळ्या-बहिऱ्यांना का नावं ठेवायची? वस्तीत घरोघर जाऊन अपंगांची यादी करा. कुणाकडं प्रमाणपत्र आहे, कुणाचं पोरगं शाळेत जात नाही, संजय गांधी निराधारचा अर्ज कुणाचा अडलाय, हे लिहून काढा. आणि यादी झाल्यावर त्यांच्या वतीनं निवेदन लिहायला बसू नका. त्यांना बैठकीला आणा, लिहू द्या, अध्यक्षस्थानी बसवा.

नाहीतर आपणही मनूचाच दोनशे दुसरा श्लोक पाळत राहू. कार्यक्रमाला बोलवू, शाल देऊ, जेवू घालू, आणि मसलत सुरू झाली की दार लावून घेऊ.

जयभीम.